पायाळूची कंबर

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण जाते असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे लहानपणापासून मी गल्लीची फुकटची डॉक्टर. सकाळी दात घासत असताना कुणीतरी कंबर धरून दारात उभं असायचं. त्याला पालथं झोपवायचं, डावा पाय तीनदा लावायचा आणि चहा देऊन वाटेला लावायचं. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता, पण नाही म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा पाय लावणं सोपं होतं. आईला मात्र याचं भारी कौतुक.

ती आई आता दीड वर्षापासून देवपूरला माझ्याकडे आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. घरात आम्ही दोघीच. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून. तिला पलंगावरून खुर्चीवर घ्यायचं, खुर्चीवरून परत पलंगावर ठेवायचं, असं दिवसातून पाच-सहा वेळा चालतं. दुपारी एक बाई येऊन तिच्याजवळ बसते, जेवू घालते. बाकी सगळं माझ्याकडे. हे मी तोंड वाकडं न करता केलं असं कुणी म्हणालं तर खोटं आहे. कितीदा तरी तिच्यावर खेकसले आहे.

एका सकाळी तिला उचलताना माझ्याच कमरेत काहीतरी चमकलं आणि मी तिच्या अंगावर अर्धी कोसळले. गल्लीभर बातमी पसरली. पायाळूचीच उसण भरली, आता हिला कोण पाय लावणार, असं म्हणून लोक मनसोक्त हसले. आईने मात्र उपाय काढला. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात एक म्हातारे आबा पायाळू आहेत, त्यांच्याकडे जा. आणि पाठीवर पाय देण्यातला फोलपणा जन्मभर जवळून पाहिलेली मी, गेले. जामनेरहून धाकटा भाऊ गाडी घेऊन आला होता. आबांना दोघांनी दोन्ही दंडांना धरून उभं केलं होतं. त्यांनी मोठ्या उत्साहाने पाय लावला. येताना मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होते, आणि पुढचे आठ दिवस अंथरुणावर.

ते आठ दिवस भाऊ आणि भावजयीने आम्हा दोघींचं केलं. चौथ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, जळगावला आईसाठी एक वृद्धाश्रम पाहून ठेवला आहे. माणसं चांगली आहेत. तुझ्याने आता होणार नाही." त्याचं चुकत नव्हतं. जिना चढून जायचं त्याचं घर, दोघं नोकरीवर. आई शेजारच्या पलंगावर डोळे मिटून पडली होती. तिला झोप लागलेली नाही हे मला दिसत होतं. मी त्याच्याकडे तीन महिने मागून घेतले.

फिजिओथेरपिस्ट माझी मुलगी शोभेल अशी. तिने आधी माझा कमरेचा पट्टा सोडायला लावला. तुमच्या पाठीचा दोष कमी, म्हणाली, पोटाचे स्नायू झोपलेत, म्हणून सगळा भार पाठ ओढते. कोअर, म्हणजे हे पोट-कमरेचे स्नायू, मजबूत करा. मग तिने पाठीवर झोपून कंबर उचलायचा ब्रिज, कोपरांवर अंग तोलायचा प्लँक, ओणवं होऊन उलटसुलट हातपाय लांबवणं असं काय काय शिकवलं. आईला उचलायच्या आधी पोट कसं आवळायचं आणि गुडघ्यात कसं वाकायचं, हेही करून घेतलं.

आईच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून पहाटे मी हे करू लागले. पहिल्या दिवशी प्लँक दहा आकड्यांपर्यंत टिकला नाही. कोपरं थरथरायची, घाम डोळ्यांत जायचा, रडू यायचं. आई कुशीवर वळून बघत राहायची. "जमीनवर पडीसन काय करी ऱ्हायनी तू?" असं एकदा विचारलं तिने, मी सांगितलं, आणि मग ती आकडे मोजायला लागली. मी दमलेली दिसले की आकडे भराभर संपवायची. शाळेत दिवसभर जांभया देत असायचे मी. पन्नाशीनंतर अंगात नवं काही येतं यावर विश्वास बसत नव्हता.

पण आलं. दुसऱ्या महिन्यात आई सहज उचलली जाऊ लागली. तिसऱ्या महिन्यात तर कंबर दुखतच नव्हती. भावाला मी फोनवर तोऱ्यात सांगितलं की जळगावचं विसर.

त्याच आठवड्यात आईला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचं वजन करायचं होतं, आणि तिला काट्यावर उभं राहता येत नव्हतं. सिस्टर विचारात पडली तशी मीच म्हटलं, मी हिला घेऊन उभी राहते, मग माझं वजा करा. मला जरा मिरवायचंच होतं. पोट आवळलं, गुडघ्यात वाकले, आईला उचललं आणि काट्यावर चढले. सिस्टरने वजाबाकी केली, जुना कागद काढला, पुन्हा केली. आईचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं.

दुपारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, आजी चतकोर खातात, उरलेलं मला खायला लावतात, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घातली आहे. सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोरही ती पोट भरलं म्हणून ताट सरकवायची, आणि मला घाई असायची.

मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली आणि ताट घेऊन तिच्याजवळ बसले. मला इतका राग आला होता की घास मोडता येईना. का केलंस हे, विचारलं. ती छताकडे बघत म्हणाली, "तुले उचलाले सोपं पडाले पाहिजे ना. नहीते तो माले जळगावले लई जाई."

मी तिला सांगितलं की माझी कंबर आता बरी आहे, तू पोटभर खा, तुला कुठेही पाठवणार नाही. घास तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं नाही. आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कितलं वजन चाली तुले?"