सहाव्या खंडाचा चार्ज

सरकारी नोकरीत मी न वाचता हजारो कागदांवर सह्या केल्या आणि एकही अंगाशी आला नाही. अंगाशी आला तो आमच्या हिच्या मामांनी पुढे केलेला. हॉस्पिटलचा फॉर्म असेल असं समजून मी सही ठोकली. चूक माझीच. कारण राक्षसांशी आणि राजेरजवाड्यांशी इतक्या सरकारी शिस्तीत वागणारा माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

अवर सचिव म्हणून निवृत्त झाल्यावर मामा दिल्लीच्याच द्वारका उपनगरातल्या सोसायटीत एकटेच राहायला आले, तेव्हा तिथे लिफ्ट होती पण वीज नव्हती आणि मेट्रोचे नुसतेच खांब होते. एकदा ते नवा मॉल बघायला म्हणून गेले आणि आठशे पानांची इंग्रजी कादंबरी घेऊन आले. नऊ राज्यं, तीन चेटकिणी, एक आंधळा ड्रॅगन, आणि हा म्हणे फक्त पहिला खंड. मामांनी ती नुसती वाचली नाही, तिची फाइल उघडली. प्रत्येक राजघराण्याची सीनिऑरिटी लिस्ट आणि हिरव्या नोटशीटवर रोजचं नोटिंग. सरदार मेला की नावापुढे ‘पोस्ट व्हेकंट’. रणांगणातून पळालेल्या सेनापतीला तर त्यांनी कारणे दाखवा नोटीस काढली होती. उत्तर आलं नाही म्हणून मागाहून स्मरणपत्रसुद्धा. आम्ही फरीदाबादहून दोन बसेस बदलून जेवायला जायचो, तर आधी सीमेवरची परिस्थिती ऐकायची, मग पानं वाढायची. मी एकदा भुकेपोटी म्हणालो, “मामा, आंधळा ड्रॅगन काय कामाचा? काढून टाका त्याला.”

“जावईबुवा, डोळे सेवेत असताना गेलेत त्याचे. असं काढता येत नाही. नियम आहेत.”

पाच खंड आले. सहावा, शेवटचा, लेखक लिहीतच राहिला. मामा दर शनिवारी दुकानात फोन करत. “अंकल, आएगा तो हम खुद घर पहुँचा देंगे,” दुकानदार म्हणे, आणि फाइलवर नोंद होई : ‘अवेटेड’.

मग मामांची बायपास ठरली. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी तो कागद सही करून परत दिला, तशी त्यांनी पलंगाखालून पाचही खंडांची पिशवी ओढली. तेव्हा कुठे मी कागद वाचला. जन्मभर इंग्रजीत नोटिंग केलेल्या माणसानं हा मात्र मराठीत लिहिला होता : ‘पाच खंड, नऊ राज्ये व एकेचाळीस हयात पात्रे यांचा कार्यभार मी स्वीकारत आहे. मामांच्या पश्चात सहावा खंड आल्यास तो वाचून त्यांना अहवाल सादर करीन.’

“मामा, अहवाल पाठवू कुठे?” मी हसलो.

ते हसले नाहीत. “मार्ग काढा काहीतरी. मरायचं काही नाही हो. पण त्या ड्रॅगनला पुन्हा दिसायला लागलं की नाही, हे कळायला नको? निदान मागे कुणीतरी वाट बघणारं हवं.”

ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर मी पहिला खंड उघडला. चाळीस पानं डुलक्यांत गेली. पुढे मात्र ही डबा घेऊन आलेली मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मामा बोलण्याइतके शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य नर्सला : “छठा आया क्या?”

“छठा कौन, अंकलजी?”

“नाही आला, मामा,” मी म्हणालो. “पण तो राजगुरूच फितूर निघाला की हो!”

“म्हणजे दुसऱ्या खंडात आहात,” म्हणाले, आणि निवांत झोपले.

चार्ज त्यांनी परत घेतलाच नाही. पुढची सहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून वाट पाहिली. मेट्रो द्वारकेपर्यंत आली, खंड आला नाही. एका सकाळी चहा पिता पिता मामाच गेले. आता शनिवारचा फोन मी करतो.

परवा माझंच बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांकडून आलो आणि मुकाट्यानं ती फाइल काढून बसलो. ही शेजारी येऊन बसली. थोडा वेळ हिरवे कागद उलटून पाहिले आणि म्हणाली, “करा तयार कागद. पण तुमच्यासारखी सही नाही हं करणार मी. आधी तो पहिला खंड द्या इकडे.”