पंचांसमोर वाचलेलं पान

घरच्या फोनवर अनोळखी पुरुषांचे फोन यायला लागले, तेव्हा मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. २००६ चा सुमार. एकाला मी शिव्या घातल्या, तर तो म्हणाला, "नंबर तूच टाकलायस की नेटवर!" गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जाऊन शोधलं. ओळखी वाढवायच्या एका साइटवर कुणीतरी माझ्या नावाचं पान उघडलं होतं. फोटो गॅदरिंगमधला, नंबर घरचा, आणि खाली माझ्या तोंडी घातलेला मजकूर असा, की मी आधी हातानं स्क्रीन झाकला.

आई म्हणाली, फोन काढून टाकू आणि गप्प बसू. वडील ऐकेनात. ते एसटीत लिपिक. आमच्या घरात बुद्धवंदनेखालोखाल मान कायद्याला. अन्याय झाला की अर्ज करायचा आणि पोच घ्यायची, हे मी लहानपणापासून बघत आलेली. "ते पान पुसलंच पायजे," ते म्हणाले, "आन् ते सरकारच पुसंल." मलाही तेवढंच हवं होतं. कुणी केलं, का केलं, ते नंतर.

ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, "पावणं, चोरीला काय गेलंय?"

"फोटो," वडील म्हणाले.

"फोटो तर पोरीकडंच हाय की!"

वडिलांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. नेटवरच्या गुन्ह्यांसाठी दिल्लीनं कायदा केला होता, आणि कायदा बरा होता. फक्त तपास डीवायएसपींनीच करायचा असं त्यात होतं, आणि साहेब कायम बंदोबस्तावर. आडात होतं, पोहराच नव्हता. वडिलांनी रजा टाकून टाकून हेलपाटे घातले.

शेवटी साहेबांनी पंचनामा करायला सांगितलं. ठाण्यात कॉम्प्युटर होता, नेट नव्हतं. म्हणून हवालदार आमच्याच कोपऱ्यावरच्या कॅफेत आले. पंचनाम्याला दोन पंच लागतात. समोर दिसले ते बोलावले. एक पानपट्टीवाले मामा, दुसरे शेजारचे काका, ज्यांच्या अंगाखांद्यावर मी खेळले. पान उघडलं, छापून काढलं, प्रत्येक प्रतीवर दोघांच्या सह्या घेतल्या. मामांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मग हवालदारांनी तो मजकूर शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि नियमाप्रमाणं पंचांना वाचून दाखवायला लागले. खणखणीत आवाजात. मी म्हटलं, "साहेब, हळू वाचा." ते खरंच ओशाळले. "ताई, वाचून दाखीवल्याबिगर पंचनामा पुरा हुईत न्हाय." माणूस वाईट नव्हता. त्याचाच मला आजही जास्त राग येतो. वडील दारात उभे होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हात जोडून म्हणाले, "आभारी हाय, साहेब."

तोवर ते पान फक्त परक्यांनी पाहिलं होतं. त्या आठवड्यात ते गल्लीला तोंडपाठ झालं. पानपट्टीपाशी टोळकं बसायचं, मी समोरून गेले की त्यातलं एखादं वाक्य मोठ्यानं म्हणायचं. कागद मुंबईला गेले. तिथून साइट चालवणाऱ्या परदेशातल्या कंपनीला पत्र गेलं म्हणे. पान होतं तिथंच राहिलं.

वर्षभरानं माझ्या नावाचं दुसरं पान निघालं. या वेळी फोटो आमच्या दारातला होता, मी कपडे वाळत घालतानाचा. म्हणजे काढणारा गल्लीतलाच. मी वडिलांना सांगितलं आणि अर्ज लिहायला कागद पुढं ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला.

"नको, बाळ. ते पुन्यांदा ऐकायची ताकद न्हाय माझ्यात."