आठ तासांचा पगार

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहिताना चुका होतात आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. ही वही कधी मुलीच्या हाती पडली तर तिने समजून घ्यावं.

इकडे हिंदी मुलखात, भनपुरीच्या पंख्यांच्या कारखान्यात लायनीवर मला अकरा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मोटरीवर झाकण बसवायचं, चार स्क्रू आवळायचे आणि पुढे सरकवायचं. मुलगी बारावी झाली तशी सुपरवायझर म्हणाला, पाठवून दे, उद्यापासून घेतो. तिला मात्र आयटीआय करून इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. म्हणजे दोन वर्षं कमाई नाही, वरून फी.

मला महिन्याला पंधरा हजार मिळत. मशीन दुरुस्त करणाऱ्या आयटीआयवाल्या भैयालाही पंधराच मिळतात, असं लायनीवर ऐकलं होतं. मग दोन वर्षं कशाला घालवायची, असं वाटे. त्याला एकदा विचारावं म्हटलं, तर आठ दिवस तोंडच उघडेना. शेवटी तो माझ्याजवळचं मशीन खोलून बसला असताना खाली पाहतच विचारलं.

"पंद्रह," तो म्हणाला. "और तुम्हारा?"

"मेरा भी पंद्रह."

"कितने घंटे का, दीदी?"

 आमच्या लायनीवर पगार विचारला की सगळ्या बायका ओव्हरटाइम धरूनच सांगतात. मीही तसंच सांगत आले होते. माझे पंधरा हजार बारा तासांचे होते, त्यात रविवारही होते. घरी मुलीकडून पगाराची इंग्रजीतली चिठ्ठी वाचून घेतली. आठ तासांचे साडेनऊ हजारच निघाले. भैया रोज पाच वाजता घरी जात होता.

फीसाठी मी जाऊबाईंकडे वीस हजार मागितले. त्यांनी दिले, पण ऐकवलंही. "चौथी शिकलेलीले आता इंजिनिअरची माय व्हायचं आहे."

मुलगी बरोबर होती, परतताना रस्त्यात म्हणाली, "मम्मी, छोड़ो. मैं लाइन पे चली जाती हूँ."

"नाही जायचं," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

आयटीआय झाल्यावर पहिलं वर्ष ती एका कारखान्यात शिकाऊ होती. हाती आठ हजार यायचे. "काहून वं, मायपेक्षाही कमी?" जाऊबाई म्हणाल्या.  मलाही भीती वाटून राहिली होती, आपण फसलो की काय.

वर्ष संपलं आणि तिथेच तिला टेक्निशियन म्हणून घेतलं. सोळा हजार, आठ तासांचे. त्यातून दर महिन्याला दोन हजार जाऊबाईंना देत गेलो.

मागच्या रविवारी मी ओव्हरटाइमला गेले नाही. मुलीला घेऊन जाऊबाईंकडे गेले आणि शेवटचे दोन हजार त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी मोजून डब्यात टाकले.

"हव," त्या म्हणाल्या, "पूर्ण झाले."