समोरचे दोन दात

गेल्या वर्षी मनीषनगरमधल्या एका दवाखान्यात मी इम्प्लांट करून घेतले. जबड्याच्या हाडात स्क्रू रोवायचे, हाडाने ते धरले की त्यावर दातांचा ब्रिज पक्का बसवायचा. माझा जुना ब्रिज चाळीसेक वर्षं टिकला. ज्या दोन दातांच्या आधारावर तो उभा होता, तेच शेवटी किडले. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "मूळचे दात कशाने गेले, मावशी?" मी म्हणाले, "धोटा लागून." धोटा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

माझे वडील विणकर. महाल भागाच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत हातमाग. मी मॅट्रिक झालेली, घरातली पहिलीच. दुपारी बाबा विणायला बसले की मी मागाशेजारी उभी राहून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. एका दुपारी वाचता वाचता मी मागाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. तिथे उभं राहायचं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. कुठेतरी धागा अडकला आणि सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लोखंडी टोकाचा धोटा मागातून उडून थेट माझ्या तोंडावर आला. वरचा समोरचा एक दात जागीच पडला. शेजारचा अर्धा तुटला, तो पुढे काढावा लागला. बाबांनी मला मोरीपाशी नेऊन माझं तोंड धुतलं. आठ दिवस त्यांनी मागाला हात लावला नाही.

वर्षभर मी ओठ मिटून वावरले. मग सीताबर्डीच्या एका दातांच्या डॉक्टरांनी मला काढता-घालता येणारी कवळी करून दिली: टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी, तिला दोन दात आणि बाजूच्या दातांना अडकवायची तार. मी आरशात हसून पाहिलं. दात खोटे आहेत हे कोणाला ओळखू येत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात स्थळ आलं. मुलगा पोस्टात नोकरीला, घरी फक्त आई. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "सांगून देऊ त्यायले. माया हातानं झालं, त्यात लपवासारखं काय हाय?"

"काही सांगू नोका, बाबा," मी म्हणाले. "सांगसान त मी समोरच येत नाही."

"खोटं बोलाचं काय मंग?"

"बोलू नोका काही. गप राहा."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईने सरळ विचारलं, "पोरीत काही कमी-जास्त त नाही न जी?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. "नाही जी," ते म्हणाले. आयुष्यभर सरळ बोलणारा माणूस, माझ्यासाठी ते दोन शब्द बोलला.

उन्हाळ्यात लग्न झालं. कवळी मी न्हाणीत दार लावून धुवायची. नवऱ्यालाही कळू दिलं नाही. आठ महिने असे गेले. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी दहा-बारा बायका जमल्या होत्या. कोणीतरी आग्रहाने तिळाचा लाडू हातावर ठेवला. पाक कडक झाला होता. मी चावले आणि तोंडात काडकन आवाज झाला. कवळी तुटून दातांसकट माझ्या पदरात पडली.

सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "ठसका लागला तिले. जाय वं, आत जाऊन बस." बायका गेल्यावर त्या आत आल्या.

"हे कधीपासून हाय?"

मी सांगितलं.

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

आणि मी म्हणाले, "बाबांनी सांगू नको म्हटलं."

इतक्या सहज म्हणाले. जरा थांबलेसुद्धा नाही.

रविवारी बाबांना बोलावणं गेलं. ते सायकलवर आले, धुतलेला सदरा घालून. बाहेरच्या खोलीत सासूबाई त्यांना म्हणाल्या, "इवाई, दाताचं काही नाही. दात कोणाचेही पडतात. पण पोरीले खोटं बोलाले शिकवलं तुमी."

मी दाराआड उभी होते, पदर तोंडाला लावून. बाबांना मी दिसत होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी हात जोडले. "चुकलंच माझं, इनबाई. तिचं काही नाही त्यात."

दोन पावलं पुढे जाऊन मला खरं सांगता आलं असतं. नवरा तिथेच होता, कोणी मला मारणार नव्हतं. मी उभी राहिले. बाबांनी समोरचा चहा घेतला नाही. सायकल वळवून ते निघून गेले.

पुढे नवऱ्याने मला सरकारी दवाखान्यात नेऊन पक्का ब्रिज बसवून घेतला. त्यासाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करावे लागले. यंत्राची घरघर सुरू झाली तेव्हा वाटलं, धडधाकट होते त्यांना माझ्यापायी झिजावं लागतंय. दात सुरेख बसले. शेजारणी म्हणाल्या, आता हसत जा. मला हसू येत नव्हतं.

एक दिवस सासूबाईंसोबत तांदूळ निवडताना मी बोलून गेले. "आई, बाबा सांगणार होते. मीच त्यांना गप केलं. अन् तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हात जोडाले लावले तू बापाले. अन् मी जोडू देले." त्या उठल्या. "लुगडं बदलू दे. चाल, तुह्या बापाकडे मलेही याचं हाय."

बाबा मागावर होते. आम्हा दोघींना पाहून त्यांनी माग थांबवला. मी माझ्या आईसमोर आणि सासूबाईंसमोर सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "इवाई, त्या दिवशी मी लई बोलली."

"जाऊ द्या जी," बाबा म्हणाले. त्यांना तो विषय सहन होत नव्हता. मग माझ्याकडे वळले. "तोंड उघड, पाहू दे." दारातल्या उजेडाकडे माझं तोंड करून त्यांनी नवे दात नीट पाहिले. "बरे बसवले," म्हणाले, आणि आईला चहा ठेवायला सांगितलं.

त्यानंतर बाबा आमच्याकडे कितीतरी वर्षं येत राहिले. नातवंडांना सायकलवरून फिरवायचे, सासूबाईंनी दिलेला चहा प्यायचे. पण बसायचे ते बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर. जेवायला आत या म्हटलं की म्हणायचे, "इथंच बरं हाय." मी ताट बाहेर आणून द्यायची. त्यांना मी फार आग्रह कधी केला नाही. तेवढा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.