टेकडीवरच्या आकड्यांचं नाव

समजा, तुमच्यासमोर तीन ठिकाणांहून आलेल्या तीन फायली उघड्या आहेत. तिन्हींत हवेतला ओझोन मोजलाय, असं पाठवणाऱ्यांचं म्हणणं. एकीत रकान्याचं नाव 'ओझोन', दुसरीत 'ओथ्री', तिसरीत 'सातवा, नवीन'. पहिलीतला आकडा चाळीस, दुसरीतला ऐंशी. मग दुसरीकडची हवा दुप्पट वाईट का? हो म्हणायची घाई करू नका. पहिल्याने हवेच्या अब्ज रेणूंमागे ओझोनचे किती ते मोजलेत, दुसऱ्याने एक घनमीटर हवेतल्या ओझोनचं वजन केलंय. दोन्हीकडची हवा जवळपास सारखीच आहे. तिसऱ्याने काय मोजलंय ते त्यालाच विचारायला हवं, आणि तो नोकरी सोडून गेलाय.

हे काम रोज करणाऱ्या एक बाई आहेत. अनेक देशांतल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या नोंदी जिथे एकत्र ठेवतात, त्या कार्यालयात जिन्याशेजारच्या खोलीत त्या बसतात. आलेल्या प्रत्येक रकान्याला ठरलेल्या यादीतलं नाव लावायचं, ही त्यांची नोकरी. कुणी चेष्टेने म्हणतं, "बाई, आज कुणाला नावं ठेवलीत?" त्या मान वर न करता सांगतात, "मी पगार घेऊन ठेवते. तुम्ही फुकट ठेवता."

नियम कडक आहेत. काय मोजलं, कशात मोजलं, रेणू मोजले की वजन केलं, एवढं नावात हवं. गावाचं नाव चालत नाही, यंत्राचंही नाही, कारण यंत्रं बदलत राहतात. यादीतलं नाव बसत नसेल तर रकाना नोंदींच्या भांडारातून बाहेर.

बाईंचे वडील अशाच एका केंद्रावर तंत्रज्ञ होते. गावाबाहेर टेकडीवर पत्र्याची खोली, छतातून बाहेर काढलेली नळी, आत घरघरणारा पंप आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते यंत्र सांभाळलं. घरी पाहुणे आले तरी ते तिकडेच. आई त्या यंत्राला सवत म्हणायची.

गेल्या वर्षी त्या केंद्राला नवं यंत्र मिळालं, आणि बाईंच्या पडद्यावर आलेख कड्यावरून ढकलल्यासारखा खाली आला. टेकडीवरच्या हवेतली घाण एका आठवड्यात निम्मी होत नसते. यादीतली नावं ठरवणारी समिती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी फोनवरच निकाल दिला.

"जुनं यंत्र बिघडलेलं असणार. मागचे सगळे आकडे काढून टाका."

"सगळे?"

"सडक्या आंब्यांतून बरे निवडत बसू नका, बाई."

बाई निवडत बसल्या. यंत्र बिघडलेलं नव्हतं, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. त्या जातीचं यंत्र हवा तापलेल्या धातूवरून नेतं. तिथे डायऑक्साइडचं रूप बदलतं आणि मग ते मोजलं जातं. पण त्या धातूवर नायट्रोजनची आणखी काही संयुगंही तशीच बदलतात आणि मोजणीत घुसतात. दारावरच्या माणसाने गणवेश बघून शाळेची मुलं मोजावीत आणि शेजारच्या शाळेचा गणवेशही तोच निघावा, तसं. नवं यंत्र फक्त डायऑक्साइड मोजत होतं. दोन्हींच्या रकान्यांना नाव मात्र एकच लागलं होतं, कारण यादीत दुसरं नावच नव्हतं.

समितीच्या पुढच्या बैठकीत बाईंनी सुचवलेलं नवं नाव मंजूर झालं तर वडिलांचे आकडे राहणार होते, नाहीतर पुसले जाणार होते. यंत्राची खात्री करून घ्यायला त्या रविवारी आईवडिलांकडे गेल्या.

"बाबा, तुमच्या यंत्रात तापलेला धातूच होता ना?"

"होता. का गं?"

त्यांनी सांगितलं. वडिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं मी मोजत काय होतो?"

"डायऑक्साइड, आणि त्याच्यासोबत आलेले इतर."

"इतर कोण?"

"नायट्रिक आम्ल, आणि त्याची भावंडं."

आई आतून म्हणाली, "बघा, सवतीनं शेवटी फसवलंच!" वडील हसले नाहीत.

"काढून टाक मग," ते म्हणाले. "चुकीचं आहे तर ठेवायचं कशाला?"

"आकडे चुकीचे नाहीत, बाबा. त्यांच्यावरची पाटी चुकीची आहे."

"मला नको समजूत घालूस. मी काय लहान आहे?"

"समजूत घालायला एवढा प्रवास करून आले असते का? ती फोनवरही घालता आली असती. मला सांगा, नळी केवढी होती?"

यावर मात्र ते सरसावून बसले. नळी लांब होती, छतावरून भिंतीला वळसा घालून आत यायची. आम्ल नळीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं, म्हणजे सगळं काही यंत्रापर्यंत पोचत नसणार. किती पोचायचं? ते त्यांनाही सांगता येईना.

बैठकीत बाईंनी नाव वाचून दाखवलं: हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड आणि तापलेल्या धातूवर तसंच बदलणारी इतर नायट्रोजन संयुगं, रेणूंच्या प्रमाणात.

"तापलेला धातू म्हणजे यंत्रच की!" मास्तर म्हणाले. "यंत्राचं नाव घातलं म्हणून तुम्हीच माझी नावं तीनदा परत पाठवलीत."

"तुम्ही कंपनीचं नाव घातलं होतं, मास्तर. मी काय मोजलं ते सांगतेय. धातू काढला तर 'इतर' म्हणजे कोण, ते कुणालाच कळणार नाही."

'इतर' या शब्दावरच मग तासभर वाद झाला. शेवटी मास्तर म्हणाले, "घ्या बुवा यादीत. पण याहून लांब नाव आणलंत तर मी राजीनामा देईन." त्या जातीची यंत्रं इतरही केंद्रांवर होती. त्यांचे रकानेही आता नव्या नावाखाली जाणार होते.

बाईंनी फोन केला. वडिलांनी नाव दोनदा वाचायला लावलं.

"एवढं लांब नाव राजालाही नसतं," ते म्हणाले. मग विचारलं, "म्हणजे आकडे राहिले?"

"राहिले. एकही नाही काढला."

"बरं झालं."

एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण नवं यंत्र आलं त्याच दिवशी जुनं भंगारात गेलं. दोन्ही एकाच हवेवर आठवडाभर तरी चालवून पाहायला हवी होती. ते कुणाला सुचलं नाही. बाई आता केंद्राकेंद्रांना विचारत असतात, तसं जुनं यंत्र कुणाकडे अजून चालू आहे का, लांब नळीसकट. त्यांना एवढंच हवंय: टेकडीवरच्या त्या आकड्यांत खरा डायऑक्साइड किती होता, आणि इतर किती?