सीटवरची पोती

पोंगलनंतरच्या सोमवारी मेलकावेरीतल्या एका गॅरेजमालकांनी मुलाची रेसची गाडी विकली. मुलगा दिवाळीआधी तापाने गेला होता. गाडी घेणाऱ्या मित्राबरोबर मी गेलो होतो.

चारही चाकांखाली वजनकाटे होते आणि चालकाच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली तांदळाची पोती. मुलगा कामावर असला की त्याच्या वजनाइतकी पोती बसवून ते स्प्रिंगांचा ताण लावत, म्हणजे ट्रॅकवरच्या वळणाला गाडी त्याला हवी तेवढीच कलायची. मुलगा गेल्यावरही त्यांनी पोती काढली नव्हती. बोलताना ते पट्ट्याचा पीळ सरळ करत होते.

"आता माझ्या वजनाला लावा, अप्पा," मित्र म्हणाला.

"तुमचं पोट स्प्रिंगांना सोसायचं नाही, सार," ते तंजावरी मराठीत म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "अशीच न्या. तो कसा बैसे, ते ही गाडी जाणते."

"मग वळणावर ती मला फेकून देईल."

"तेही खरं," ते म्हणाले.

त्यांनी पट्टा सोडला, एकेक पोतं उतरवलं आणि मित्राला म्हणाले, "बैसा." मग पाना घेऊन ते पुढच्या उजव्या चाकाशी वाकले आणि मुलाच्या वजनाला लावलेली स्प्रिंगची कडी सैल केली.