राणीसाहेबांचे लाड

काकांच्या सलूनमध्ये खुर्ची एकच होती, आरसा मात्र भिंतभर. खुर्चीमागच्या बाकावर वाट बघत बसलेल्यांचे चेहरे त्यात मान न वळवता दिसायचे. कोण कंटाळलंय, कोण उठून जायच्या बेतात आहे, हे काका केस कापता कापता टिपायचे आणि वेळेवर एखादा किस्सा सोडायचे. उठू पाहणारा पुन्हा टेकायचा. "केस काय, कुणीही कापतं," ते म्हणायचे, "माणसाला बसवून ठेवणं ही खरी कला."

ही कला त्यांच्या थोरल्या भावाला मंजूर नव्हती. भावानंच त्यांना धंदा शिकवला होता. फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावून त्यावर वस्तरा चालवायला लावायचा. फुगा फुटला की दुपारचा चहा बंद. शिकवताना भावाचं एकच पालुपद असायचं. "हत्यार हातात असताना कातडीकडे बघायचं. बाकी जग गेलं उडत." भाऊ जाऊन वीस वर्षं झाली. फुगे कधीच फुटेनासे झाले होते आणि काकांचे डोळे आरशात रमायला लागले होते.

फळीवर कंगव्यांच्या शेजारी एक डोकं होतं. नुसतं डोकं, मानेपर्यंतचं, प्लास्टिकचं, त्यावर खरे लांब केस. एके काळी काकांनी बायकांचे केस कापायला शिकायचं मनावर घेतलं होतं, तेव्हा सरावासाठी आणलेलं. शिकणं पूर्ण झालं, पण बाई एकही आली नाही. "परक्या बायकांचं सोडा," काका सांगायचे, "घरच्या बाईनंसुद्धा कधी कात्री लावू दिली नाही." घरची बाई पुढे आजारात गेली. डोकं तेवढं राहिलं. गिऱ्हाईक नसलं की काका ते समोर घेऊन विंचरत बसायचे. त्याला नाव पडलं राणीसाहेब.

आणि खुर्चीच्या पायाशी फेस्या कुत्रा. तपकिरी अंगाचा, फक्त तोंड पांढरं. दाढीला बसवून कुणीतरी मधेच उठवल्यासारखं. पिल्लू असताना स्वतःहून दुकानात शिरला आणि मग गेलाच नाही. काकांचा पाय ही त्याची उशी होती. काका खुर्चीभोवती फिरले की तोही उठून, फिरून, पुन्हा त्याच पायावर हनुवटी टेकायचा.

काकू गेल्यानंतरचे दिवस होते. एका दुपारी काका राणीसाहेबांचे केस विंचरत स्वतःशीच काहीबाही पुटपुटत होते. "कोण माझं सोनं? कोण माझं लाडकं?" असलं काहीतरी, मोकळ्या घरात माणूस बोलतो तसलं. फेस्यानं आधी कान पाडले. मग एक बारीक, सुईसारखा आवाज काढला. मग उठून काकांच्या आणि फळीच्या मधे घुसला आणि नाकाडानं त्यांचं कोपर ढकलून काखेत डोकं खुपसलं. बाकावर दोघं होते, ते पोट धरून हसले. काका किती दिवसांनी हसले. खुशीत त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडला.

त्या दिवसापासून तो खेळ झाला. गर्दीच्या दिवशी कुणीतरी हळूच म्हणायचं, "काका, राणीसाहेबांची तब्येत कशी आहे?" की काका डोकं पुढे ओढायचे, केसांवरून हात फिरवायचे आणि आवाज लोण्यासारखा मऊ करून म्हणायचे, "कोण माझं सोनं? कोण माझं लाडकं?" फेस्या मधे घुसायचा. दुकान हसायचं. बिस्किट मिळायचं. पाच वर्षं हे चाललं.

"सवतीमत्सर हो, दुसरं काय," काका म्हणायचे.

"मत्सर कसला डोंबलाचा! बिस्किट आहे ते," असं म्हणणारे एकटे ड्रॉइंगमास्तर. निवृत्त, डोक्यावर मोजून दोन बोटं केस, तरी दर आठवड्याला हजर. "कुत्र्याला मत्सर नसतो. त्याला गणित असतं. ढकललं की खाऊ."

"पहिल्यांदा कुठं होतं बिस्किट?"

"मग एकदा न देता करून बघ. घोडामैदान जवळच आहे."

काकांनी कधी करून बघितलं नाही. आज बघू, उद्या बघू. खरं म्हणजे त्यांना दोन्ही उत्तरांची भीती वाटायची. बिस्किटासाठी असेल, तर आपल्यासाठी जीव टाकणारं कुणी नाही असा अर्थ. आणि बिस्किटासाठी नसेल तर? त्या दुसऱ्या 'तर'च्या पुढे ते जायचेच नाहीत.

मग मुलगी आली, चार वर्षांची नात घेऊन. जावयाला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. तिथे जागा मिळेपर्यंत मायलेकी इथे राहणार होत्या. दुकानामागच्या दोन खोल्या भरल्या. नात आजोबांना चिकटली, आजोबा नातीला. ती मांडीवर बसली की फेस्या यायचा, दोघांच्या मधे नाकाड घालायचा. नात खिदळायची. मुलगी मात्र दारातून बघत राहायची.

"बाबा, हे मला ठीक दिसत नाही."

"अगं, खेळतोय तो."

"मी तिला घेते तेव्हा कुठं येतो? तुम्ही घेतलं की बरोबर येतो."

"मग? माझा आहे तो," काका म्हणाले. ते म्हणताना छाती जराशी फुगलीच.

पुढे जे झालं ते एका रविवारी सकाळी, भर दुकानात. नातीच्या पुढच्या बटा डोळ्यांत जायला लागल्या होत्या. काकांनी खुर्चीच्या हातांवर एक सुटी फळी आडवी टाकली, तिला वर बसवलं, गळ्याभोवती पांढरा कपडा बांधला. मुलगी म्हणाली, "नीट कापा हं, तिला सवय नाही," आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. बाकावर चौघं होते, त्यांत ड्रॉइंगमास्तर. बटा झाल्या. कानामागचे केस राहिले होते. कुणीतरी बोललं, "काय काका, फेस्याला आज खरी सवत मिळाली की!"

काकांनी आरशात बघितलं. चौघंही पुढे झुकले होते. चार चेहरे, हसायला तयार.

कात्री नातीच्या कानाशी होती. काका काहीही म्हणू शकले असते. हलू नको म्हणू शकले असते. ते खाली वाकले, नातीच्या डोक्याला गाल लावला आणि अगदी त्याच आवाजात, आरशातून डोळे न काढता म्हणाले, "कोण माझं सोनं? कोण माझं लाडकं?"

आधी हशा आला. मग फेस्या. मग कोपराला धक्का, आणि मग नातीची किंकाळी.

कानाला रक्त फार येतं. पांढरा कपडा बघता बघता लाल झाला. मुलगी आतून धावत आली. "काय झालं? बाबा, काय झालं?"

"फेस्यानं धक्का दिला," काका म्हणाले.

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाकावरचं कुणी बोललं नाही. एकजण नंतर पुटपुटला, "जनावर ते, त्याचा काय भरवसा." दवाखान्यात दोन टाके पडले. संध्याकाळी मुलगी न ओरडता बोलली, तेच जास्त कठीण होतं. "आज धक्का दिलाय, उद्या चावेल. एकतर तो राहील, नाहीतर आम्ही जाऊ."

गावाच्या कडेला एका गिऱ्हाइकाची लाकडाची वखार होती, त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. काकांनी फेस्याच्या गळ्यात दोरी बांधली. त्याला वाटलं फिरायला चाललोय. शेपटी वर करून पुढे पुढे पळत होता, मधेच थांबून काका येतात ना हे बघत होता. वखारीच्या फाटकात दोरी दुसऱ्याच्या हातात देताना काकांनी आरशात बघावं तसं भलतीकडेच बघितलं.

घर शांत झालं. काकांचा डावा पाय उगाच हलका वाटायचा. खुर्चीभोवती फिरताना ते अजून पाय जपून उचलायचे, खाली हनुवटी असेल म्हणून.

"आजोबा," नातीनं एकदा जेवताना विचारलं, "फेस्याला किती दिवसांची शिक्षा आहे?"

मुलगी म्हणाली, "शिक्षा नाही गं, तो तिकडे राहायला गेलाय."

"त्यानं माझा हात चाटला होता. म्हणजे सॉरी." तिनं बोटांवर हिशेब केला. "दहा दिवस पुरे झाले ना, आजोबा?"

काकांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

ड्रॉइंगमास्तर पुढच्या आठवड्यात आले नाहीत, त्याच्या पुढच्या आठवड्यात आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. खुर्चीत बसता बसता त्यांनी खाली, फेस्याच्या रिकाम्या जागेवर नजर टाकली.

"सांगितलंस तिला?"

"काय?"

"काय ते तुला ठाऊक आहे. हसणाऱ्यांत मीही होतो. निम्मं माझ्या नावावर लाव हवं तर." ते डोळे मिटून बसले. "पण सांगायचं तुलाच आहे, बाबा."

काकांनी त्या दिवशी मास्तरांचे केस नको इतके बारीक कापले.

दोन दिवसांनी ते वखारीवर गेले. खिशात बिस्किटांचा पुडा होता. फेस्यानं त्यांना फाटकापासून ओळखलं; असा अंगावर आला की चष्मा पडला. वखारवाला कौतुकानं म्हणाला, "फार गुणी आहे हो. आमची भुरी कुत्री आहे ना, तिच्या ताटलीत तोंड घालत नाही. मी तिला दिवसभर कुरवाळतो, हा ढुंकूनही बघत नाही. मत्सर म्हणून नाही त्याच्यात."

काकांना एकदम हलकं वाटलं. म्हणजे मास्तर म्हणत होते तेच खरं. मत्सर नव्हताच, सगळं बिस्किटाचं गणित. बिचारा शिकवलेलं काम करत होता, आत काही दुखत वगैरे नव्हतं. खात्री करून घ्यावी म्हणून ते एका ओंडक्यावर बसले. भुरी जवळ आली, तिच्या कानामागे त्यांनी खाजवलं. तोंडानं काही म्हणाले नाहीत. आवाज मऊ केला नाही. हसायला कुणी नव्हतं. वखारवाला गिऱ्हाइकाशी बोलत लांब गेला होता.

फेस्यानं कान पाडले. तो सुईसारखा आवाज आला. मग तो भुरीच्या आणि त्यांच्या मधे घुसला आणि काखेत डोकं खुपसलं.

काकांनी घाईघाईनं पुडा फोडून बिस्किट पुढे धरलं. भुरीनं ते खाल्लं. त्यांनी दुसरं काढलं, अगदी फेस्याच्या नाकाशी नेलं. त्यानं बघितलंही नाही. डोकं काढलं नाही. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, आणि ते थरथरणं काकांच्या बरगड्यांना लागत होतं. पाच वर्षं हे असंच लागत असणार. हशाच्या आवाजात कळलं नव्हतं. तिसरं बिस्किट त्यांच्या मुठीत चुरा झालं.

मास्तरांच्या म्हणण्याला उत्तर मिळालं होतं. ते कुणाला सांगावंसं मात्र वाटेना.

ते घरी आले तेव्हा मुलगी दुकानातले धुतलेले टॉवेल घड्या करत होती. काका उंबऱ्यातच थांबले.

"त्या दिवशी फेस्याला मी बोलावलं होतं."

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. राणीसाहेबांचा खेळ, ते शब्द, बाकावरचे चौघं. काही गाळलं नाही.

तिनं हातातली घडी खाली ठेवली. "म्हणजे तिच्या कानाशी कात्री होती आणि तुम्ही आरशात बघत होतात."

"हो."

"लोकांनी हसावं म्हणून."

"हो."

"आणि मी विचारलं, काय झालं, तेव्हा?"

"धक्का त्यानंच दिला होता गं."

"बाबा."

"हो," काका म्हणाले. "तेव्हा मी खोटं बोललो."

ती पुन्हा टॉवेलांना लागली. एक घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शेवटी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "जा, घेऊन या त्याला. पण माझ्या मुलीच्या केसांना पुन्हा हात लावायचा नाही तुम्ही."

फेस्या परत आला. राणीसाहेब माळ्यावर गेल्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. कुणी विचारलंच तर काका म्हणतात, "तो खेळ बंद झाला."

नातीच्या बटा आता तिची आई कापते, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. डावीकडे आखूड, उजवीकडे लांब. मधे एक पायरी. पोर रोज बाकावर पाय हलवत बसते आणि ती पायरी दिवसभर आरशात दिसत राहते. काकांचा हात शिवशिवतो. दोन मिनिटांचं काम आहे. पण ते डोळे काढून घेतात आणि समोरच्या मानेकडे बघतात, जिथे हत्यार आहे तिथे. बाकावरची माणसं हल्ली कंटाळतात. एखाददुसरा उठूनही जातो.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं होतं. काकांचं काम चालू असताना नात बाकावरून उतरून त्यांच्या गुडघ्याला येऊन टेकली. फेस्या उठलाच. काकांनी आधी कात्री फळीवर ठेवली, ती पार मागे सरकवली, आणि मग एक हात तिच्या डोक्यावर, एक त्याच्या, असे उभे राहिले.

"नात वाटतं?" गिऱ्हाईक हसून म्हणालं. "आणि हे काय गं, कानाला काय लागलं?"

नातीनं आजोबांकडे बघितलं.

"माझी कात्री," काका म्हणाले.